लाखीश: वेढ्याचं शिल्प लंडनला, वेढ्याची जागा इस्राएलमध्ये

बायबलमधल्या शहरांचं उत्खनन म्हटलं की सगळे यरीहोच्या तटबंदीकडे धावतात. माझं मत मात्र लाखीशला!

जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, साधारण ४० किलोमीटरवर हे टेकाड आहे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यानं लाखीश जिंकलं आणि निनवेच्या राजवाड्यात त्या वेढ्याची शिल्पं कोरून घेतली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. शिल्पात रचलेल्या चढावरून तट फोडणारी यंत्रं वर येताहेत, वरून लोक पेटते पलिते फेकताहेत. आणि मजा म्हणजे तो चढ खरोखरच सापडला! डेव्हिड उसिश्किन यांच्या चमूला १९७३ पासूनच्या उत्खननात त्याच्या आसपास शेकडो बाणांची टोकं मिळाली. तटाच्या आतल्या बाजूला बचाव करणाऱ्यांनीही घाईघाईनं मातीचा भराव घातलेला होता.

त्याआधी, १९३५ मध्ये, जेम्स स्टार्की यांना वेशीजवळच्या खोलीत, जळक्या थरात, शाईनं लिहिलेली खापरं मिळाली होती. काळ सन्हेरीबच्या शंभरेक वर्षांनंतरचा, बाबेलच्या स्वारीच्या आसपासचा. एका खापरावर कुणी अधिकारी कळवतो: आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहोत, अजेका दिसत नाही. यिर्मयाच्या ग्रंथात शेवटपर्यंत टिकलेली शहरं म्हणून याच दोघांची नावं येतात. त्यावरून ‘अजेका पडलं’ असं काही जण छातीठोकपणे सांगतात, पण पत्रात तसं म्हटलेलं नाही, बरं का.