मुलांसाठी पॅड घेताय? आधी थाप मारून पाहा!



गणपतीच्या कार्यक्रमात मुलांनी लॅपटॉपवर वाजवलेली ढोलकी ऐकून बऱ्याच जणांनी आम्हाला विचारले, "ते चौकोनी पॅडचे यंत्र कुठले हो? आमच्याकडेही हट्ट चालू आहे." म्हणून हा लेखप्रपंच.

या यंत्रातून स्वतःचा आवाज येत नाही. पॅडवर बोट आपटले की यूएसबीच्या तारेतून संगणकाला एवढेच कळते, की कुठले पॅड आणि किती जोरात. हा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत जातो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. आवाज काढते ते सॉफ्टवेअर.

इथेच आमची फसगत झाली होती. आम्ही पॅड मोजले, रंगीत दिवे पाहिले आणि घेऊन आलो! त्या यंत्राला जोर कळतच नव्हता. हळू मारा नाहीतर बडवा, आवाज एकच. गाण्याचे तयार तुकडे सुरू-बंद करायला ते छान, पण ढोलकी म्हणजे कोणी दार ठोठावल्यासारखी. (खोक्यावर सगळे लिहिले होते, वाचले कोणी?) चिरंजीव चार दिवसांत कंटाळले.

बोटांनी ताल वाजवायचा तर चार बाय चारची १६ पॅड पुरतात. ही मांडणी रूढ झाली ती रॉजर लिन यांनी आकाई कंपनीसाठी केलेल्या १९८८ च्या एमपीसी ६० पासून. आकाईचे छोटे एमपीडी २१८ त्याच वळणाचे. ६४ पॅड हवीतच, तर नोव्हेशनच्या लाँचपॅड एक्सला जोरही कळतो.

दुकानात यंत्र जोडून दाखवायला सांगा. ताशाची तर्री वाजवतो तशी दोन बोटे हलकेच फिरवा, पॅडच्या कोपऱ्यांवरसुद्धा. थापा गळत असतील तर ते नको. जुने घेताना हे जास्तच पाहा.

घरी थाप आणि आवाज यांत अंतर पडले तर लगेच यंत्र परत करू नका. सॉफ्टवेअरमध्ये बफर १०२४ असेल तर ४४.१ किलोहर्ट्झवर तेवढ्यानेच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो. १२८ केल्यास ३. आणि ब्लूटूथ नको, तारेचे हेडफोन लावा.

डाव्या हाताने दाबून काढलेला ढोलकीचा घुमारा मात्र साध्या पॅडवर येत नाही. त्यासाठी आमच्याकडे अजून माळ्यावरची ढोलकीच खाली उतरते.

कोणाला हात लावून पाहायचा असेल तर सांगा, रविवारी मराठी शाळेत यंत्र घेऊन येऊ.