पारा उतरला, धोका उतरला का?



मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब लिहून झाला आणि बोलणं उन्हावर आलं. आमच्या गटातल्या एका काकूंची मुलगी लग्न होऊन रत्नागिरीकडे गेली आहे. काकू म्हणाल्या, "ताई, पोरगी फोनवर सांगते, तिकडं चौतीसच अंश हाय, तरी जीव घाबरा होते. इथं त्रेचाळीस हाय, अन् आपण वावरात धसकटं वेचतो. मंग जास्त गरम कुठं?"

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत असायला हवं. आज त्यावरच बोलू.

आपल्या घरातला माठ आठवा. माठातून पाणी पाझरतं, बाहेरच्या कोरड्या हवेत ते वाळतं आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं पाणी गार राहतं. आपलं अंगही असंच गार होतं. घाम वाळला की उष्णता निघून जाते. वाशीम समुद्रापासून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आत आहे. इथली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे घाम लगेच वाळतो. कोकणात समुद्रामुळे पारा फार चढत नाही, पण हवा आधीच ओलसर असते. घाम वाळत नाही, नुसता वाहतो आणि उष्णता अंगातच राहते.

म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना सगळीकडे एकच आकडा लावत नाही. आपल्यासारख्या मैदानी भागात पारा निदान ४० अंश हवा, किनाऱ्यावर ३७ अंश पुरतो. सोबत तो नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढलेला असावा लागतो. नवी मुंबईजवळ खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला होता. त्या दिवशी तिथे पारा चाळिशीलाही पोचला नव्हता, तरी उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला.

मग आपण सुरक्षित का? नाही. आपल्याकडे घाम दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळत नाही. उन्हात कष्टाचं काम करताना तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं. त्यात आपण बाया शेतात पाणी कमी पितो, कारण आडोसा नसतो. मीही हेच केलं होतं. एकदा गावोगावच्या बैठका करताना लघवीला जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्याले नाही. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गटातल्या बायांनीच मला सावलीत नेलं. म्हणून सांगते, कामावर जाताना चौघी मिळून एक जुनं लुगडं आणि चार काड्या सोबत न्या, आडोसा करा आणि दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या.

आता मुख्य गोष्ट. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि याच दिवसांत समुद्राकडून ओलावा आपल्याकडे येऊ लागतो. दुपारी ढग येतात, एखादा वळवाचा पाऊस पडतो. पारा ४३ वरून ३९ वर येतो. आपल्याला वाटतं, चला, उन्हाळा सरला. पण त्या दिवसांत आपल्याकडची हवा कोकणासारखी होते. कूलर लावला तरी अंग चिकचिक करतं, रात्रीही झोप लागत नाही. आणि नेमकी हीच वेळ पेरणीआधीच्या कामांच्या घाईची असते.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोरीवरचे कपडे पाहा. एरवी तासाभरात कडक वाळणारं लुगडं दुपारपर्यंत दमट राहिलं, कुरड्या वाळेनात, माठातलं पाणी गार होईना, तर समजा की घामही वाळणार नाही. त्या दिवशी पारा कमी दिसला तरी सकाळी अकराच्या आत काम आटोपा.

कामावर कोणी असंबद्ध बोलू लागली, तोल जाऊ लागला, अंग तापून निघालं, तर तिला सावलीत न्या, कपडे सैल करा. मान, काखा आणि जांघेत ओलं फडकं ठेवा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने ही उष्णता उतरत नाही.

पाण्याचंही असंच आहे. कोकणात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तरी मे महिन्यात तिथल्या वाड्यांना टँकर लागतो, कारण उतारावरून पाणी समुद्राला धावतं. आपला जिल्हाही माथ्यावरचा आहे. काटेपूर्णेचं पाणी पूर्णा आणि तापीतून अरबी समुद्राला जातं, पैनगंगेचं वर्धा आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. आपल्याकडे राहतं ते अडवलेलं आणि मुरलेलं तेवढंच. म्हणून या आठवड्यात विहिरी तळाला असतात. त्यात वळवाचा पहिला पाऊस आजूबाजूची घाण विहिरीत घेऊन येतो. थोड्या पाण्यात घाण जास्त, म्हणून हगवण सुरू होते. आणि हगवण लागलेल्या बाईला उन्हाचा फटका लवकर बसतो.

म्हणून वळवाचा पाऊस पडला की दुसऱ्याच दिवशी गटाने ग्रामपंचायतीत जावं. विहिरीत टीसीएल टाकलं का ते विचारा, जलसुरक्षकाला ओटी तपासणी समोर करून दाखवायला सांगा. पाणी पिवळसर झालं तर औषध आहे, रंग आलाच नाही तर नाही. तोवर पाणी उकळून प्या. घरात साखर-मिठाचं पाणी करायचं माप लक्षात ठेवा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

काकूंना मी म्हटलं, पोरीला फोन करा तेव्हा आकडा विचारू नका. दोरीवरचे कपडे वाळले का, ते विचारा.

येत्या बैठकीत हे माप सगळ्यांकडून एकदा म्हणवून घ्या, आणि कोणाच्या शेतात आडोसा नाही तेही लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.