स्कायलॅब पडली कशी?

आमच्या आईच्या बोलण्यात काळ मोजायची एक खास खूण आहे : 'स्कायलॅब पडली त्या वर्षी'. अमेरिकेची ही अवकाश प्रयोगशाळा कोसळणार, पण कुठे ते कुणालाच नेमके सांगता येत नाही, अशा बातम्या १९७९ च्या जुलैत रेडिओवर येत होत्या. आमच्या गल्लीत मुलांना अंगणात सोडत नसत. "मरायचंच आहे तर खाऊन मरू," म्हणून शेजाऱ्यांनी दोन कोंबड्या कापल्या होत्या. "पण ती पडलीच कशी रे?" असे आई अनेकदा विचारी. "जुनी झाली, पडली," असे सांगून मी वेळ मारून नेई. भूगोल शिकवणाऱ्याला हे शोभणारे नव्हते.

खरे उत्तर सूर्यापासून सुरू होते आणि ध्रुवांपाशी पोचते. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की विद्युतभारित कणांचे प्रचंड ढग अवकाशात फेकले जातात. १५ कोटी किलोमीटरचे अंतर ते साधारण एक ते तीन दिवसांत कापतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना बव्हंशी अडवते. पण या क्षेत्राच्या रेषा ध्रुवांजवळ जमिनीकडे उतरतात, म्हणून वादळाची ऊर्जा मुख्यतः तिथेच वातावरणात शिरते. नॉर्वे, अलास्का, उत्तर कॅनडा येथे मग ध्रुवीय प्रकाशाचे पडदे झुलू लागतात. १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, २०० किलोमीटरच्या वरचा तांबडा.

देखावा सुंदर, पण त्याच वेळी त्या थरांतून लाखो अँपिअरचे प्रवाह वाहत असतात. विजेच्या शेगडीची तार तापावी तशी तिथली हवा तापते, फुगते आणि खालची दाट हवा वर चढते. ही उष्णता काही तासांत विषुववृत्ताकडेही पसरते. मग उपग्रहांना हवेचा अडथळा वाढतो आणि ते खाली सरकू लागतात.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस सूर्य अंदाजापेक्षा अधिक खवळला. त्याच्या प्रखर अतिनील किरणांनी आणि वादळांनी वरचे वातावरण फुगले आणि स्कायलॅब अपेक्षेआधीच खाली आली. ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले गेले. दुसऱ्याच दिवशी वादळ आले, तेही फार मोठे नव्हे. तरी ३८ उपग्रह गमावले. जमीनही सुटत नाही. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेकची वीजयंत्रणा दीड मिनिटात कोलमडली आणि ६० लाख लोक सुमारे ९ तास अंधारात राहिले. मे २०२४ च्या वादळात तर तांबडा प्रकाश लडाखमधील हानले येथूनही टिपला गेला. आपले 'आदित्य-एल१' यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवते, ते उगाच नव्हे.

परवा आईला शेगडीचा दाखला देऊन हे सारे समजावले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे जुनी झाली म्हणून पडली नाही ती. मग इतकी वर्षं मला खोटं का सांगितलंस?"

यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.