गोळ्यांची गोधडी

दोन हात लांब, दीड हात रुंद. एवढीशी ती गोधडी पिंपळनेरच्या आजोळहून माझ्याकडे आली आणि तेव्हापासून मी तिच्या मागे लागलो आहे. गुलाबी, पिवळी, पोपटी अशी चौकोनी ठिगळं. प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना एकेक त्रिकोण, त्याचं टोक चौकोनाला भिडलेलं. पुष्कळ वर्षं मी त्यांना फुलं समजत होतो. आजी मात्र तिला अहिराणीत ‘गोयीस्नी गोधडी’ म्हणायची. एके दिवशी लक्षात आलं, की खरंच या गोळ्या आहेत. रंगीत कागदाला दोन्हीकडून पीळ दिलेल्या.

बाळासाठी गोधडी जुन्याच कापडाची का, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यातली खळ गेलेली असते, ते अंगाला टोचत नाही. थर एकावर एक पसरायचे, कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. या गोधडीत टाके तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. मधल्या एका ‘गोळी’चा दोरा संपल्यावर निळा दोरा जोडला आहे. तिथं मी नेहमी थांबतो. अर्ध्या रात्री पांढरा दोरा संपला असेल आणि बाळंतपण तोंडावर आलं असेल.

गोळी आली कुठून? गोडाचा आणि बाळाचा संबंध आपल्याकडे जुनाच. बोरन्हाणाला हलव्याचे दागिने, होळीला हार-कंगन. साच्यातून निघालेली ती पांढरी-गुलाबी साखर खानदेशात पोराच्या गळ्यात पडल्याशिवाय होळी होत नाही. पण पीळ दिलेला कागद हा कारखान्याचा. त्याचा माग मला आजीच्या सुयादोऱ्याच्या डब्यावर सापडला. डबा रावळगावच्या गोळ्यांचा होता.

रावळगाव पिंपळनेरपासून लांब नाही, नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात. वालचंद हिराचंदांनी तिथं 1933 साली साखर कारखाना उभा केला. त्यांच्या जहाजांवर आणि विमानांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मोठी वाटते ती 1942ची गोष्ट: त्या वर्षी रावळगावात गोळ्या बनू लागल्या. पुढे ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ देशभर गेल्या. पण आधी त्या इथल्या बाजाराच्या पिशवीतून घरी आल्या. पोरांनी गोळी खाल्ली, बायांनी कागद ठेवला. त्या कागदांची तोरणं झाली, बाहुल्या झाल्या, पाळण्यावरच्या चिमणाळ्याला झिरमिळ्या झाल्या. आमच्या घरात त्याची गोधडी झाली.

आज शहरातल्या दुकानांत लॉलीपॉप छापलेले पाळण्याचे संच मिळतात. चादर, उशी, कठड्याला बांधायचे लोड, सगळं एका रंगातलं. दिसायला गोड, पण मला ते पसंत नाहीत. अमेरिकेत कठड्याच्या मऊ लोडांवर 2022 साली कायद्यानं बंदी आली, कारण त्यात बाळाचं नाक-तोंड दबून जीव गेले होते. बालरोगतज्ज्ञांचं सांगणं सरळ आहे: पहिलं वर्षभर बाळ झोपेल तिथं घट्ट, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर, एवढंच. उशी नको, सुटं पांघरूण नको. हा नियम आपल्या गोधडीलाही लागू आहे, हे मी आजीच्या नातवाच्या नात्यानंही मान्य करतो. गोधडी जागेपणीची. ओट्यावर अंथरावी, बाळ पालथं पडून त्या रंगांवर हात मारत असावं आणि शेजारी कुणीतरी बसलेलं असावं.

2024च्या फेब्रुवारीत रावळगावच्या गोळ्यांची नावं आणि कृती रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटी रुपयांना घेतल्या. बातमी वाचून मी गोधडी पुन्हा काढली आणि उलटीसुलटी करून पाहिली. गोळीच्या नावाला किंमत आली, ते योग्यच झालं. पण तीच गोळी कापडात उतरवणारीचं नाव कुठंच नाही. आजीनं ती शिवली, की तिच्या आईनं, की शेजारणीनं, हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. या दिवाळीत घरातली बाळाची गोधडी उन्हात टाकाल, तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारा आणि तिच्या उलट्या बाजूला दोऱ्यानं तीन गोष्टी घाला: शिवणारीचं नाव, गाव आणि साल. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे होईल.