उंबऱ्याच्या आतली थडगी

आमच्या देवणीच्या बाजूला मृताची बोळवण दोन रीतींनी होते. पुष्कळ घरी दहन करतात. लिंगायत घरी मात्र मृताला बसवून पुरतात. आणि दहन करणाऱ्यांच्या घरी तान्हे मूल गेले, तर त्याला अग्नी देत नाहीत, मातीच देतात. का, म्हणून विचाराल तर "चालत आलंय" एवढंच उत्तर मिळतं.

कधीपासून? फार मागे जावे लागेल. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मूल दगावले की ही माणसे मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि मूल त्यांत निजवीत. कुठे? गावाबाहेर नव्हे बरं का, राहत्या घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात! सापडलेल्या दफनांत बहुसंख्य अशी मुलांचीच आहेत. कोणत्या आईला लेकरू उंबऱ्याबाहेर धाडवेल?

मोठ्यांनाही तिथेच, डोके उत्तरेला करून पुरीत. पण घोट्याखाली पावले तोडून. मृताने उठून निघून जाऊ नये, म्हणून हे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्यात भय असेल. मला तर मायाही दिसते. एक पुरुष मात्र पावलांसकट, चार पायांच्या मोठ्या रांजणात बसलेला सापडला. तो गावचा मुखिया असावा. लिंगायतांच्या रीतीशी त्याचे नाते घाईने जोडू नका. मध्ये सुमारे दोन हजार वर्षे आहेत.

त्याच १९६८ साली चीनमध्ये मानचेंग येथे लिऊ शंग या राजाची कबर उघडली. तो इ. स. पूर्व ११३ मध्ये वारला. त्याच्या अंगावर आपादमस्तक पोशाख होता, तो जेड नावाच्या कठीण, हिरवट दगडाचा: २,४९८ चकत्या, सोन्याच्या तारेने शिवलेल्या. जेड देह कुजू देत नाही, अशी तिकडची श्रद्धा. हा दगड साध्या हत्याराने कापत नाही, वाळूने घासघासून झिजवावा लागतो. एका पोशाखाला किती हात राबले असतील! पोशाख टिकला, आतला देह मात्र मातीस मिळाला होता.

इनामगावच्या रांजणांत लेकरांची हाडे राहिली. त्यांच्या दातांवरून, हाडांवरून ती किती दिवसांची होती, त्यांचे पोषण कसे झाले होते, हे अभ्यासकांना ताडता आले.