दार तोडण्याआधी : 'सीआयडी'च्या पडद्यामागे

रायपूरहून बोलतोय. मागच्या भागात सियाचीनच्या बर्फावर बोललो, आज एकदम टीव्हीवर उडी. कारण सांगतो. परवा चौबे कॉलनीत एका घरगुती कार्यक्रमाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर पुतण्याच्या मुलानं विचारलं, "आजोबा, तुम्ही फौजेत होता ना? मग सांगा, दया ज्या दाराला लाथ मारतो ते दार खरं असतं का?" सगळे हसले. पण प्रश्न चांगला आहे. त्या दारामागे बरंच काही आहे.

आपण रायपूरचे मराठी लोक एसीपी प्रद्युम्नला हिंदी बोलणारा माणूस म्हणून ओळखतो. पण या मालिकेचं मूळ मराठीत आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मालिका लागायची. शंभर हा पोलीस नियंत्रण कक्षाचा नंबर, त्यावरून हे नाव. मुंबई पोलिसांनी उलगडलेल्या गुन्ह्यांवर ती बेतलेली होती. दिग्दर्शक बी. पी. सिंग, आणि त्यात पोलीस अधिकारी होते शिवाजी साटम. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी मुंबईचे मराठी कार्यक्रम तेव्हा दिसत नसत. मी ती पाहिली पुण्याला बहिणीकडे, सुट्टीवर असताना. आणि अशी चटक लागली की युनिटमध्ये परतल्यावरही डोक्यात तपासच चालू असायचा. याचा परिणाम पुढे सांगतो, तो काही अभिमानाचा नाही.

याच जोडीनं २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर 'सीआयडी' सुरू केली. ती २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली, १५४७ भाग झाले, आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली.

आता माणसं बघा. साटम रसायनशास्त्राचे पदवीधर, बँकेत नोकरी करत करत रंगभूमीवर आले. दया म्हणजे दयानंद शेट्टी हे थाळीफेकीचे खेळाडू. पायाच्या दुखापतीनं खेळ सुटला आणि अभिनयाकडे वळले. गंमत बघा, पायामुळे खेळ गेला आणि पायामुळेच नाव झालं! अभिजीत होण्याआधी आदित्य श्रीवास्तव याच मालिकेत गुन्हेगार म्हणून येऊन गेले होते. सुरुवातीच्या भागांतला इन्स्पेक्टर वीरेंद्र आठवतो? ते आशुतोष गोवारीकर. पुढे २००१ मध्ये त्यांनी 'लगान' दिला. आणि आपल्याला हसवणारे फ्रेडरिक्स, म्हणजे दिनेश फडणीस, यांनी काही भागांचं लेखनही केलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले. विनोदी भूमिका करणारा माणूस खुनाच्या कथाही रचत होता, हे मला त्यांच्या जाण्यानंतर कळलं.

माझा सगळ्यात आवडता किस्सा २००४ चा. ७ नोव्हेंबरला 'सीआयडी'चा एक खास भाग लागला, १११ मिनिटांचा. लोणावळ्यात चित्रित केलेला. त्या १११ मिनिटांत एकही कट नाही. कॅमेरा सुरू झाला तो गोष्ट संपल्यावरच थांबला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

हे किती अवघड आहे ते समजून घ्या. जुन्या फिल्मच्या एका रिळात साधारण दहा-अकरा मिनिटं मावायची. म्हणून १९४८ मध्ये हिचकॉकनं 'रोप' हा सिनेमा सलग वाटेल असा केला, तेव्हा कुणाच्या पाठीवर, कुठे सामानावर कॅमेरा नेऊन जोड लपवावा लागला. व्हिडिओ आणि डिजिटल आल्यावर ती मर्यादा गेली. २००२ चा 'रशियन आर्क' हा सिनेमा असाच एका दमात घेतलेला. पण रीळ लांबलं तरी माणसाचा दम तेवढाच राहतो. कॅमेरा खोलीभर फिरतो, म्हणजे दिवे, माईक, वायरी काहीच दिसता कामा नये. फोकस चालता चालता जुळवायचा. आणि शंभराव्या मिनिटाला कुणी वाक्य विसरला, तर पुन्हा पहिल्या मिनिटापासून. सिंगसाहेब मुळात कॅमेरामन, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यांना आपण काय मागतोय हे नेमकं ठाऊक होतं.

फौजेत रात्रीच्या हल्ल्याआधी आम्ही जमिनीवर वाळूचं मॉडेल करायचो. टेकडी इथे, नाला इथे, तू एवढ्या वाजता इथे. तालीम इतकी की अंधारात पाय आपोआप पडावेत. त्या १११ मिनिटांमागे असंच वाळूचं मॉडेल असणार, हे मला न सांगता कळतं.

आता दार. सेटवरचं दार बहुधा पातळ प्लायचं आणि कडी नावापुरती. खऱ्या सागवानी दाराला खांदा मारला तर दार जागेवर राहतं, खांदा निखळतो. लाथ मारायचीच तर कुलपाच्या शेजारी, आणि दार आत उघडणारं असेल तरच. बाहेर उघडणारं दार लाथेनं चौकटीवरच घट्ट बसतं.

अशा गोष्टी आणखी आहेत. महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. मालिकेत दिसतं ते काम मुंबईच्या क्राइम ब्रँचच्या जवळचं. डॉ. साळुंखे डीएनएचा निकाल चहा गार व्हायच्या आत देतात, खऱ्या प्रयोगशाळेत आठवडे लागतात, कधी महिने. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवटची थप्पड आणि कबुली. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यातही हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कारण उघड आहे. मारून कुणाकडूनही काहीही वदवता येतं.

इथे माझा किस्सा. तेव्हा मी कॅप्टन होतो. स्टोअरच्या मोजणीत सहा कंपास कमी भरले. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली, मी त्यात सदस्य. स्टोअर सांभाळणारा एक नाईक होता. समोर उभा राहिला तेव्हा त्याला घाम फुटला होता, नजर खाली. मी मनात म्हटलं, हाच. 'एक शून्य शून्य' पाहून माझे डोळे तयार झाले होते ना! दोन दिवस मी त्याला तेच तेच प्रश्न फिरवून विचारत राहिलो. तिसऱ्या दिवशी एक जुने सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "साहब, वर्कशॉप वाली फाइल भी देख लीजिए." पाहिली. सहाही कंपास दुरुस्तीला गेले होते. व्हाउचर चुकीच्या फाइलला लागलं होतं.

तो नाईक दोन रात्री झोपला नव्हता, हे मला नंतर कळलं. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, याचा घाम होता तो. मी त्याची माफी मागितली नाही. खांद्यावरचे तारे आड आले. पुढे त्याची बदली झाली आणि राहून गेलं ते राहूनच गेलं.

मालिका लिहिणाऱ्याला खुनी आधी माहीत असतो. तो शेवटाकडून मागे येत धागे पेरतो, म्हणून प्रद्युम्नचा संशय वाया जात नाही. खऱ्या चौकशीत शेवटचं पान कुणी लिहिलेलं नसतं. तिथे 'कुछ तो गड़बड़ है' असं वाटणं ही फक्त सुरुवात असते. आपण मात्र घरात, सोसायटीत, पैसे हरवले की कामवाल्या बाईकडे बघतो आणि तिथेच तपास संपवतो.

पुतण्याच्या मुलाला मी सांगितलं, दार खोटं असतं बाळा, पण लाथ मारणाऱ्याची मेहनत खरी असते. आणि आपण खऱ्या दारापुढे उभे असू, तर आधी कडी वाजवून पाहायची.

तुमच्याकडून असा कुणावर चुकीचा संशय घेतला गेला असेल आणि तो माणूस अजून भेटण्यासारखा असेल, तर भेटून या. माझा राहिला.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. जय हिंद.