कुठला सात?

"दीडशे," मामा म्हणतात आणि खांद्यावरची बॅग हरळीवर उभी करतात.

दीडशे यार्डांची खूण उजवीकडे चार पावलांवर आहे, त्यामुळे अंतराबद्दल वाद नाही. नोव्हेंबरातली सकाळ, सातला पाच कमी. दव इतकं पडलंय की टीपासून इथवर आमच्या पावलांची गडद रेघ उमटली आहे आणि माझ्या डाव्या बुटात पाणी शिरलंय. येरवड्याच्या या गोल्फ कोर्सवर एरवी ही वेळ मला घरच्यासारखी वाटते. लोहगावकडून एखादं विमान उठतं, टिटवी त्याच्यावर खेकसते, मी न बघता हात मागे करतो आणि मामा न बोलता त्या हातात काठी ठेवतात. मामा माझे कॅडी, आणि अकरा वर्षं हे असंच चाललंय. दीडशे म्हटलं की सहा नंबर. वारा समोरून असला तर पाच.

आज मामांचा हात बॅगेवरच थांबलाय.

"सात द्या," मी म्हणतो.

"दीडशेला सात?"

"नवा सात आहे, मामा."

मामा सात काढून देतात, पण चेहरा असा की मी पायी लोणावळ्याला निघालोय. त्यांचं चुकत नाही. माझा सात १३५ यार्ड जातो, हे माझ्या बायकोलाही माहीत नाही, मामांना माहीत आहे. मात्र गेल्या आठवड्यात दुकानातल्या पडद्यासमोर, प्लॅस्टिकच्या गवतावरून मारलेले माझे चेंडू या साताने सरासरी १५२ यार्ड गेले, असं तिथल्या यंत्राचं म्हणणं पडलं. चोपन्नाव्या वर्षी कुणी तुम्हाला सांगितलं की तुमचे १७ यार्ड वाढले, तर तुम्ही काय करता? मी कार्ड काढून दिलं.

उभा राहतो. खाली बघतो तर काठीची वरची कड बोटभर जाड. जुना आयर्न वरून बघितला की विळीच्या पात्यासारखा दिसायचा. हा खुरप्यासारखा दिसतो. दिसू दे. मारतो. "ठप्" असा पोकळ, बसका आवाज येतो, हाताला काहीच कळत नाही, आणि चेंडू सुरेख उंच चढतो. चढतच राहतो. ग्रीनच्या पार मागच्या कडेला पडतो, एक टप्पा घेतो आणि झुडपात दिसेनासा होतो.

"लागला चांगला," मामा म्हणतात. मामांच्या तोंडून ही तक्रार असते.

चेंडू शोधायला सहा मिनिटं जातात. नियमाने तीनच मिळतात, पण आम्ही दोघंच खेळतोय आणि माझ्या जोडीला आहेत त्या डॉक्टर मॅडम. निवृत्त भूलतज्ज्ञ. खेळही तसाच: ११० यार्ड सरळ, पुन्हा ११० यार्ड सरळ, आणि आपण हरलो हे समोरच्याला शुद्धीवर आल्यावर कळतं. त्या बॅगेतल्या चार-पाच काठ्याच वापरतात, बाकीच्या शोभेला. माझा चेंडू त्यांनाच सापडतो.

लॉफ्टची भानगड इथे सांगायला हवी. लॉफ्ट म्हणजे काठीचं तोंड उभ्या रेषेपासून मागे किती अंश झुकलंय ते. (माझा जुना सेटही सध्या लॉफ्टवरच आहे, पण तो घरातला, बाथरूमवरचा.) जुन्या साताचा लॉफ्ट ३५ अंश होता, सहाचा ३१, पाचाचा २७. नव्या साताचा आहे २९. म्हणजे जुन्या पाच आणि सहा यांच्या बरोबर मधली काठी घेतली, शाफ्ट अर्धा इंच लांब केला आणि तळाला ७ हा आकडा कोरला. आमच्या वेळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास आणि गल्लीत पेढे असायचे. आता नव्वदला आई रडते. गोल्फच्या काठ्यांचंही तेच झालंय. पोरं हुशार झाली की पेपर सोपे झाले, हे विचारायचं नसतं.

तरी ही निव्वळ लबाडी नाही. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले कार्स्टन सोल्हाइम नावाचे एक इंजिनिअर होते. बेचाळिसाव्या वर्षी गोल्फ खेळायला लागले, पटिंग जमेना, तेव्हा १९५९ मध्ये स्वतःच पटर बनवला. वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं, म्हणजे फटका जरा टोकाकडे बसला तरी तोंड वळू नये. त्या पटरच्या आवाजावरून कंपनीचं नाव 'पिंग' पडलं, आणि हीच युक्ती त्यांनी पुढे आयर्नला लावली. माझ्या नव्या काठ्या कुणीही बनवलेल्या असोत, त्यांची पाठ पोखरून वजन कडांना आणि तळाला नेलंय ते त्याच वाटेने. वजन खाली गेलं की झुकाव कमी असूनही चेंडू वर उचलला जातो. वर जातो, लांब जातो. फिरकी मात्र कमी पडते. त्यात तोंड आणि चेंडू यांच्या मध्ये दवाचा थर आला की उरलीसुरली फिरकीही जाते. मग ग्रीनवर पडून तो थांबेल कशाला? दुकानात दव नव्हतं. झुडूपही नव्हतं.

पुढच्या होलवर दुसरंच प्रकरण निघतं.

मी उजवखोरा, आणि माझा चेंडू वीस वर्षं उजवीकडे वळतो. स्लाइस. हौशी खेळाडूंचा हा सर्दीसारखा आजार: बरा होत नाही, सोय करून घ्यावी लागते. माझी सोय अशी की मी झेंड्याच्या डावीकडे, भलताच डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि चेंडूला वळून घरी येऊ देतो. नव्या काठीचा गळा किंचित पुढे आणि तोंड किंचित मागे आहे. चेंडूपर्यंत पोहोचताना तोंडाला सरळ व्हायला केसभर वेळ जास्त मिळावा, म्हणजे स्लाइस कमी व्हावा, यासाठी. शिवाय शाफ्ट स्टीलऐवजी ग्रॅफाइटचा. जुना ११५ ग्रॅमच्या आसपास होता, हा ७०. हात रिकामेच वाटतात आणि वेळेआधी खाली येतात.

मी सवयीने गुलमोहरांकडे तोंड करून उभा राहतो. आठ नंबर मारतो. चेंडू वळतच नाही. जिकडे तोंड केलं होतं तिकडेच, बाणासारखा, गुलमोहरांत जातो.

"सरळ गेला की!" डॉक्टर मॅडम खरोखरच्या आनंदाने म्हणतात.

सरळ गेला हेच तर दुखणं. वीस वर्षं मी चुकीला चूक जोडून बेरीज बरोबर आणत होतो. दुकानदाराने त्यातली एक चूक काढून घेतली, दुसरी माझ्याकडेच राहिली.

पुढचे दोन होल मी सांगत नाही. एका ठिकाणी काठी चेंडूच्या आधी जमिनीत गेली आणि पोळीएवढी ढलपी निघाली. ती परत बसवायला मी वाकतो तेव्हा ओल्या मातीचा आणि हरळीचा वास येतो, गणपतीच्या तबकातल्या दूर्वांचा. गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच. मामा ढलपी बुटाने दाबतात, नखाएवढी फट राहिली तरी पुन्हा दाबतात. खाली वाकलेले असतानाच त्यांचं लक्ष बॅगेकडे जातं, आणि ते काठ्या मोजायला लागतात.

"साहेब, पंधरा आहेत."

मला वाटलं होतं, आजच्या दिवस निभावेल.

चौदापेक्षा जास्त काठ्या बाळगायच्या नाहीत, हा नियम अमेरिकनांनी १९३८ मध्ये केला. त्याआधी लोक वीस-पंचवीस काठ्या कॅडीच्या खांद्यावर लादायचे. आज स्पर्धा असती तर जादा काठीबद्दल होलमागे दोन फटके दंड, जास्तीत जास्त चार. मामा कोपऱ्यातून पंधरावी उपसतात. माझा जुना सात. काल रात्री स्टूल घेऊन लॉफ्टवरून काढला आणि सगळ्यांच्या मागे खोचला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. प्रवासाला निघताना आपण घरची उशी घेतो तसं असावं.

मला वाटतं मामा हसतील. हसत नाहीत. जुन्या साताचं तोंड अंगठ्याने पुसतात. मधोमध, खाचांवर, रुपयाएवढा डाग आहे. तिथलं क्रोम जाऊन लोखंड फिकट दिसतंय. त्याच्याबाहेर टोकाकडे आणखी एक पुसट डाग, तो माझ्या वाईट दिवसांचा. मग मामा नवा सात काढतात आणि दोघांचे तळ बॅगेच्या पट्ट्यावर टेकवून शाफ्ट जुळवून धरतात. नव्याचं तोंड चांगलंच उभं. तो ठेवून नवा आठ काढतात आणि जुन्या साताशेजारी धरतात. एक डोळा मिटून बघतात, सुतार रंधा मारल्यावर फळी बघतो तसे.

"हा तो आहे," मामा म्हणतात.

नवा आठ ३४ अंशांचा. जुना सात ३५. कागद मामांनी बघितलेला नाही. तो माझ्या खिशात आहे.

मग त्यांना नाद लागतो. बॅग तिथेच ठेवून ते एकेक काठी काढतात, तोंड बघतात, मनाशी पुटपुटतात. नऊ म्हणजे आपला आठ. पिचिंग वेज म्हणजे आपला नऊ. मग सँड वेज काढतात. तो जुनाच आहे, ५६ अंशांचा. तो मी बदललेला नाही. पिचिंग वेज आणि सँड वेज शेजारी धरून मामा थांबतात.

"मधला कुठाय?"

मधला नाही. जुना पिचिंग वेज ४८ अंशांचा होता. त्याच्यापासून ५६ म्हणजे आठ अंशांची पायरी, उतरता येण्याजोगी. नवा पिचिंग वेज ४४ चा. आता बारा अंशांचा खड्डा आहे. पूर्वी शंभर यार्डांना डोळे मिटून काठी मागायचो. त्या शंभरासाठी आता बॅगेत काठीच नाही. वरच्या टोकाला मिळालेले १७ यार्ड असे खालच्या टोकाकडून काढून घेतलेले आहेत. दुकानात हे कुणी सांगितलं नाही. बहुधा पुढच्या खेपेला सांगतील, ५० अंशांचा एक वेज विकताना. आणि तो घेतला की चौदातून कुणाला तरी हाकलावं लागेल.

पाच मिनिटांनी आम्ही बरोबर त्या खड्ड्यातच उभे आहोत. ९५ यार्ड, समोर बंकर, झेंडा बंकरला चिकटून. सँड वेज ८० जाईल, तो वाळूत. पिचिंग वेज ११२.

"हा घ्या," मामा पिचिंग वेज देतात. "खाली धरा. अजून खाली. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही."

"अर्धा मारू?"

"अर्धा नाय. पूर्ण मारायचा, पण लहान."

मला यातला फरक कळत नाही. मामा काठी परत घेतात आणि चेंडूशिवाय दाखवतात. ग्रिपवर दोन बोटं खाली हात, पाय जवळ, डावा हात जमिनीला समांतर होईतो मागे, आणि तेवढाच पुढे. गवताची पाती सुळकन उडतात. या माणसाला बॅगेतल्या चौदा काठ्या कधीच मिळाल्या नाहीत. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला, तेव्हा मामा नुकतेच बॅगा उचलायला लागले होते. त्या वर्षी इथल्या सगळ्या पोरांनी खेळायचं ठरवलं, असं ते सांगतात. मामांकडे एकच काठी होती, कुणीतरी टाकलेला पाच नंबर, ग्रिपच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेला. त्याच काठीने लांब, त्यानेच जवळ, वाळूत तोंड उघडून त्यानेच. त्यामुळे शंभराची काठी नाही ही अडचण त्यांना अडचण वाटतच नाही. त्यांना राग आहे तो आकड्याचा. अकरा वर्षांत माझी जी अंतरं त्यांनी डोक्यात साठवली, ती एका खरेदीने रद्द झाली, आणि घेताना त्यांना मी विचारलंही नाही.

हे मला आत्ता कळतंय, पिचिंग वेज खाली धरून उभा असताना. आणि फटक्याच्या वेळी असं काही कळू नये. चेंडू बंकर कसाबसा ओलांडतो, कडेच्या गवतात अडतो. पार तर नाहीच. पण वाळूत नाही.

"जमेल," मामा म्हणतात. लागला चांगला, असं म्हणत नाहीत.

ऊन वर आलंय. पावलांच्या रेघा वाळून गेल्यात, बूट मात्र ओलाच. शेवटच्या होलवर माझा दुसरा फटका. मामा खूण बघतात, तिथपासून पावलं मोजत येतात.

"एकशे पस्तीस."

एकशे पस्तीस! ऐकताच हात आपोआप मागे जातो.

"सात," मी म्हणतो.

हातात काही येत नाही. वळून बघतो तर मामा दोन्ही हातांत काठ्या धरून उभे आहेत. एका हातात जुना सात, डागासकट. दुसऱ्यात नवा आठ, कोरा करकरीत. बॅगेतून नवा सातही डोकं वर काढून बघतोय.

"कुठला?"

मी दोन्ही काठ्यांच्या तोंडाकडे बघतो, मग मामांच्या.

"अहो, मागून दुसरे लोक येतायत," डॉक्टर मॅडम त्यांच्या ११० यार्डांवरून ओरडतात.